सतरा वर्षांच्या मुलाला आर्मी रिझर्व्हमध्ये जायचंय. कॉलेजच्या पैशांचं खरं काय?

ओसरी | २३ एप्रिल, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ राहतो. ग्रीन कार्ड मिळून चार वर्षं झाली. थोरला अकरावीत, इथल्या भाषेत ज्युनियर. गेल्या महिन्यात सतरा पूर्ण झाली.

सोमवारी रात्री मी त्याच्या ताटात पोळी टाकत होते, तेव्हा म्हणाला, "आई, तुझी आणि बाबांची एका फॉर्मवर सही लागेल." मला वाटलं शाळेची ट्रिप असेल. फॉर्म निघाला आर्मी रिझर्व्हचा, म्हणजे लष्कराच्या राखीव दलाचा. अठराच्या आतल्या मुलाला आईवडील दोघांची संमती लागते म्हणे.

तेव्हापासून हे गप्प आहेत. भांडी घासतात आणि झोपायला जातात. कऱ्हाडला सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जाऊ दे की, पेन्शन तरी मिळंल." त्यांच्या वडिलांची पलटणीतली ट्रंक अजून माळ्यावर आहे, त्यामुळे त्यांना यात काही वावगं वाटत नाही. मला वाटतं.

पोराचं म्हणणं असं. महिन्यातून एक शनिवार-रविवार, वर्षातून दोन आठवडे, बाकी वेळ नेहमीसारखं कॉलेज, आणि कॉलेजचा खर्च जीआय बिलातून, म्हणजे सैनिकांच्या शिक्षणासाठीच्या सरकारी योजनेतून. ट्रेनिंगचा अर्धा भाग येत्या उन्हाळ्यात आणि उरलेला बारावीनंतर. रिक्रूटरने, म्हणजे भरती करणाऱ्या माणसाने, माहितीपत्रकाच्या पाठीमागे बॉलपेनने आकडे लिहून दिलेत, ते आता आमच्या फ्रिजवर लावलेलं आहे. त्यात "३६ महिने" या शब्दांभोवती दोनदा गोल केलाय. ३६ महिने काय, किती, कुणाला, ते मला कळत नाही. त्याला कॉम्प्युटरचं काम हवंय.

आणि आमचा फोन नंबर यांना मिळाला कुठून? आम्ही तर कुठे दिला नव्हता.

कुणाच्या मुलांनी हे केलंय का? उपदेश नको, अनुभव हवाय. रिक्रूटर म्हणतो या उन्हाळ्याची जागा हवी असेल तर लवकर सांगा.

खटपट्या | २४ एप्रिल, सकाळी ६:५५

ताई, काळजी करू नका. माझ्या ऑफिसातल्या एकाचा मुलगा आर्मीत होता, त्याचं सगळं कॉलेज फुकट झालं. वर राहायलाही पैसे मिळत होते. जीआय बिल म्हणजे सोन्याची अंडी. बिनधास्त सही करा.

हिशेबनीस | २४ एप्रिल, रात्री ९:२०

खटपट्या, तुमच्या मित्राचा मुलगा पूर्णवेळ आर्मीत असणार. ताईंचा मुलगा रिझर्व्हमध्ये जातोय. नावात दोन्हीकडे "जीआय बिल" असल्यामुळे हा घोळ घरोघरी होतो. आमच्या घरीही झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझी मुलगी २०२१ मध्ये सतराव्या वर्षी आर्मी रिझर्व्हमध्ये भरती झाली. आम्हीही न्यू जर्सीचेच. मी अकाउंटंट आहे. तिच्या प्रत्येक कागदाची प्रत माझ्याकडे निळ्या फाइलमध्ये आहे, बायको तिला "सुनेची फाइल" म्हणते, इतकं मी तिला जपतो.

आधी तो "३६ महिन्यां"चा गोल. रिझर्व्हवाल्यांना जे मिळतं त्याचं नाव माँटगोमेरी जीआय बिल, सिलेक्टेड रिझर्व्ह. सहा वर्षांचा करार करायचा, सुरुवातीचं ट्रेनिंग पूर्ण करायचं, बारावी पास व्हायचं, मग कॉलेजात पूर्णवेळ असेल त्या प्रत्येक महिन्याला एक ठरावीक रक्कम मुलाच्या खात्यात येते. असे ३६ महिने, म्हणजे नऊ-नऊ महिन्यांची चार वर्षं. रक्कम? महिन्याला पाचशे डॉलरच्या आत. आमच्या वेळी साडेचारशेच्या आत होती. सगळे ३६ महिने घेतले तरी आजच्या दराने बेरीज अठरा हजारांच्या खालीच राहते, आणि ती चार वर्षांत मिळून. पुस्तकं, पेट्रोल, थोडं भाडं निघतं. कॉलेज निघत नाही. शिवाय रिझर्व्ह सोडलं की हे बंद.

काही कामांसाठी यावर "किकर" देतात, महिन्याला जास्तीत जास्त ३५० डॉलर. तो प्रत्येकाला नसतो.

खटपट्या म्हणतात ते पोस्ट-९/११ जीआय बिल. पूर्ण फी, भाडं, सगळं त्यात आहे, हे खरं. पण त्यासाठी प्रत्यक्ष ड्यूटीवर ३६ महिने लागतात. ९० दिवस झाले तर निम्मं मिळतं. आणि मेख अशी की रिझर्व्हच्या मुलाचं सुरुवातीचं ट्रेनिंग या ९० दिवसांत धरत नाहीत. म्हणजे युनिटला कुठे बोलावलं, मोबिलाइज केलं, तरच ते दार उघडतं. कॉलेजच्या पैशासाठी पोराला युद्धावर बोलावलं जावं अशी इच्छा कुणी आईबापाने करावी का, तुम्हीच सांगा.

तिसरी गोष्ट ट्यूशन असिस्टन्स, म्हणजे कॉलेजच्या फीसाठी लष्कराची मदत. एका क्रेडिटला २५० डॉलरपर्यंत, आणि वर्षाला साधारण चार-साडेचार हजारांची मर्यादा. हे चांगलं आहे, आम्ही घेतलं. फक्त ग्रेड "सी"च्या खाली आली तर पैसे परत करावे लागतात. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आमच्या बाईसाहेबांना "डी" मिळाली. चार क्रेडिट, हजार डॉलर. तिने ते ड्रिलच्या पगारातून फेडले, मी मुद्दाम मदत केली नाही. (आईने गुपचूप केली असावी.)

ड्रिलचा पगार म्हणजे महिन्याच्या त्या शनिवार-रविवारचे, अगदी खालच्या पायरीवर, तीनशे डॉलरच्या थोडं इकडेतिकडे. पायरी चढली की वाढतो. आरोग्य विमा मात्र खरोखर स्वस्त आहे, एकट्या माणसाला महिन्याला पन्नास-साठ डॉलर. त्याबद्दल रिक्रूटर फारसं बोलत नाहीत, बहुधा सतरा वर्षांच्या पोराला त्याचं काय कौतुक असणार म्हणून.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो ते. ताई, रिझर्व्ह आणि नॅशनल गार्ड ही दोन वेगळी दुकानं आहेत. बाहेरून सारखीच दिसतात. तोच गणवेश, तेच बेसिक ट्रेनिंग, तोच एक वीकेंड. पण रिझर्व्ह केंद्राचं असतं आणि गार्ड राज्याचंही असतं. पूर आला, बर्फ पडला तर गव्हर्नर बोलावतो. आणि आपल्या राज्यात गार्डमधल्या मुलांना सरकारी कॉलेजांत सेमिस्टरला १५ क्रेडिटपर्यंत ट्यूशन माफ आहे. रटगर्स, आपलं राज्य विद्यापीठ, त्यात आलं. इतर फी, खोली, जेवण आपलं आपण.

ही सवलत न्यू जर्सीच्या गार्डला आहे, आर्मी रिझर्व्हला नाही. मला हे कधी कळलं? मुलीने शपथ घेतल्यावर सात महिन्यांनी, शेजारच्या घरी सत्यनारायणाला. त्यांचा मुलगा गार्डमध्ये गेला होता. मी हातात प्रसादाचा द्रोण घेऊन तिथेच उभ्या उभ्या हिशेब केला. शिरा थंड झाला. आम्हाला कुणी खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही रिझर्व्हच्या टेबलावर बसलो होतो आणि त्या टेबलावर रिझर्व्हचाच माल होता. पलीकडच्या दुकानात काय आहे ते विचारायचं काम माझं होतं.

ट्रेनिंग दोन उन्हाळ्यांत वाटून करता येतं हे खरं, त्याला स्प्लिट ऑप्शन म्हणतात. बेसिकचे दहा आठवडे तिने साउथ कॅरोलायनात फोर्ट जॅक्सनला काढले. परत आली त्या रात्री आमटी-भात तीन मिनिटांत संपवून ताट घेऊन उभी राहिली. आम्ही दोघं पहिल्या घासावर. बारावीच्या वर्षात महिन्याचं ड्रिल चालूच असतं. एकदा नेमकी एसएटी, कॉलेज प्रवेशाची परीक्षा, त्याच शनिवारी आली, तारीख बदलावी लागली.

दुसरा भाग म्हणजे ज्याच्या त्याच्या कामाचं ट्रेनिंग. त्याची लांबी कामावर ठरते, आणि इथे आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. तिने मेडिक निवडलं. सॅन अँटोनियोला १६ आठवडे. जूनअखेर गेली ती ऑक्टोबरअखेर मोकळी झाली. म्हणजे कॉलेजचं पहिलं सेमिस्टर गेलं, जानेवारीत प्रवेश घ्यावा लागला आणि पहिल्या वर्षाच्या आर्थिक मदतीचं कॉलेजचं पत्र नव्याने काढावं लागलं. ट्रक चालवणाऱ्यांचं ट्रेनिंग दीड-दोन महिन्यांत संपतं, त्यांचा ऑगस्ट वाचतो. काम निवडताना पगार बघा, आणि त्याबरोबर कॅलेंडरही बघा.

त्यानंतर जीआय बिलाच्या पात्रतेचा कागद युनिटकडून यायचा होता, तो कुठल्याशा टेबलावर दोन महिने पडून होता. तोपर्यंत मी भरलं. पुढे पैसे नीट यायला लागले, पण महिन्याच्या शेवटी "मी अजून कॉलेजात आहे" अशी नोंद स्वतः करावी लागते. तिच्या फोनवर त्याचा गजर आहे, अजून वाजतो.

आणखी दोन गोष्टी. रिझर्व्हमध्ये गेला म्हणून फॅफ्सात, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या सरकारी अर्जात, तो आईवडिलांपासून स्वतंत्र धरला जात नाही. नुसत्या ट्रेनिंगची ड्यूटी त्यासाठी चालत नाही, तुमचा पगार मोजला जाणारच. आणि करार सहा वर्षांचा म्हटला तरी एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते. उरलेली दोन वर्षं ड्रिल नाही, पण नाव यादीत राहतं आणि बोलावू शकतात.

तुम्ही उपदेश नको म्हणालात, एवढा एकच घ्या. जे पैसे कबूल केलेत ते कराराच्या जोडपत्रात लिहिलेले दिसले पाहिजेत. माहितीपत्रकाच्या पाठीवरचं बॉलपेन धरू नका.

रानजाई | २५ एप्रिल, सकाळी ७:१५

मी इथल्या एका शाळेत काउन्सेलर आहे. फोन नंबर शाळेनेच दिला. २००२ च्या नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड कायद्यापासून केंद्राचा निधी घेणाऱ्या हायस्कुलांना मुलांची नावं, पत्ते, फोन रिक्रूटरना मागितल्यावर द्यावे लागतात. २०१५ च्या नव्या कायद्यातही ते कलम कायम आहे. पालकांनी लेखी कळवलं तर नाव वगळतात. सप्टेंबरात जी कागदांची चळत घरी येते त्यात हे असतं. आपण सगळे पहिल्या पानावर सही करून ती परत पाठवतो.

ताई, ग्रीन कार्डचा मुद्दा कुणी काढला नाही. ग्रीन कार्डवर भरती होता येतं, पण ज्या कामांना सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, लागतो ती नागरिकांनाच मिळतात. कॉम्प्युटर आणि नेटवर्कची बरीचशी कामं त्यात येतात. तुमच्या मुलाला तेच हवंय म्हणता, तर हे आधी विचारा. नाहीतर सही कॉम्प्युटरसाठी होईल आणि हातात गोदामाची यादी येईल. सेवेत असलेल्याला नागरिकत्व लवकर मिळू शकतं, त्या अर्जाला फीही नसते, पण ते नंतरचं. कामाची निवड आधी होते.

त्याची अ‍ॅस्वॅब, म्हणजे लष्कराच्या भरतीची परीक्षा, झाली का? आर्मीला किमान ३१ लागतात, पण किकर वगैरेसाठी जास्त हवे असतात.

आणि दमा, अ‍ॅलर्जी, एडीएचडीची गोळी, असं काही? तेराव्या वाढदिवसानंतर दम्याची नोंद असेल तर ती अडते.

नदीकाठ | २५ एप्रिल, दुपारी १:०५

सगळे डॉलर मोजताय. जानेवारी २०२४ मध्ये जॉर्डनमध्ये ड्रोन पडून तीन अमेरिकन सैनिक गेले. तिघंही आर्मी रिझर्व्हचे, तिघंही जॉर्जियाचे. मी अटलांटात राहते. त्या आठवड्यात इथे झेंडे अर्ध्यावर होते. त्यातल्या दोघी विशीतल्या मुली होत्या. "महिन्यातून एक वीकेंड" त्यांनाही कुणी सांगितलंच असेल.

शिवाजी शेजारच्या घरात जन्मावा म्हणतात ते उगीच नाही. माझ्या घरात तरी मी सही केली नसती.

हिशेबनीस | २५ एप्रिल, रात्री १०:३०

नदीकाठ, तुमच्याशी वाद घालणार नाही. माझ्या मुलीच्या युनिटला अजून बोलावलेलं नाही. एवढंच मी सांगू शकतो, उद्याचं नाही. बोलावलं तर कॉलेजला तिची जागा राखून त्याच वर्षात परत घ्यावं लागतं, तसा कायदा आहे. पण तुम्ही जे म्हणताय त्याला हे उत्तर होत नाही, हे मलाही कळतं. रात्री अनोळखी नंबरवरून फोन आला की बायको आधी माझ्याकडे बघते.

ताई, पोराला एकदा विचारा, पैसे बाजूला ठेवले तरी जायचंय का? आमची म्हणाली होती, "बाबा, तुम्ही सगळी फी भरलीत तरी मी जाणार." मग मी हिशेब दुसऱ्या प्रकारे केला. पैशासाठीच जाणारा असेल तर त्याला सांगा, कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून रटगर्सला गेलं तर यापेक्षा जास्त वाचतात आणि कुणी पहाटे चारला उठवत नाही.

सासूबाईंना सांगा, पेन्शन आहे, पण वीस वर्षं काढली तर, आणि तीही सहसा साठीला.

ओसरी | २७ एप्रिल, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. हिशेबनीस दादा, तुमचं सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं. प्रसादाच्या द्रोणाशी आले तेव्हा ते आठवड्यात पहिल्यांदा हसले.

काल मुलाला विचारलं. आधी "कॉलेजचा लोड तुमच्यावर नको" वगैरे झालं. मग बराच वेळ चमचा फिरवत बसला आणि म्हणाला, "इथे मी सगळ्यांना कुणाचा तरी मुलगा म्हणूनच माहीत आहे. मला दहा आठवडे कुठेतरी नुसतं आडनावाने हाक मारलेली हवी आहे." यावर मी काय बोलणार? लग्न करून कऱ्हाडहून इथे आले तेव्हा मला काय हवं होतं ते मलाच आठवलं.

गार्डचं त्याला ठाऊकच नव्हतं. क्लिअरन्सचंही नाही. ते ऐकून चेहरा पडला, पण वहीत लिहून घेतलं. शनिवारी आम्ही तिघं आधी गार्डच्या ऑफिसात जाणार, मग रिझर्व्हच्या. येत्या उन्हाळ्याची जागा गेली तर गेली, असं ह्यांनी स्पष्ट सांगितलं. तो "ओके" म्हणाला. मला वाटलं होतं दार आपटेल.

रानजाई ताई, तुमच्या दम्याच्या प्रश्नाने माझी झोप उडाली. सातवीत असताना त्याला खोकला लागला होता, महिनाभर इन्हेलर दिला होता. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते दमा नाही, परागकणांमुळे असेल. आज माळ्यावरच्या खोक्यात तो डबा सापडला. लेबलवर ९ एप्रिल आहे. त्याचा तेरावा वाढदिवस त्याच वर्षी २२ मार्चला झाला होता. अठरा दिवस!

हे सांगायचंच का? महिनाभराचा तर इन्हेलर.

रानजाई | २८ एप्रिल, सकाळी ६:४०

सांगायचंच. २०२२ पासून तपासणीच्या वेळी प्रिस्क्रिप्शनच्या नोंदी कॉम्प्युटरवर त्यांना दिसू शकतात. लपवलेलं पुढे सापडलं तर ते फसवून भरती होणं ठरतं, ते मुलाच्या नावावर चिकटतं. सूट मिळू शकते, त्याला वेव्हर म्हणतात. त्या डॉक्टरांकडून त्या वेळच्या नोंदींची प्रत मागवा, "दमा नाही" हे त्यांनी लिहिलंय का ते बघा. तोंडी म्हणाले असतील तर उपयोग नाही.

ओसरी | २८ एप्रिल, सकाळी ८:१०

दवाखाना नऊला उघडतो. फोन लावते. डबा ह्यांनी कचऱ्यात टाकला होता, तो काढून फ्रिजवर ठेवलाय, त्या माहितीपत्रकाशेजारी.